प्रति,

सकाळी आठ. पातळी एकशे एकेचाळीस पूर्णांक वीस. स्थिर.
रकाना चौथा : कोणास कळविले.
ही सतरावी सकाळ,
चौथा रकाना कोरा.

राजधानी गेली ती आवाज न करता गेली.
आधी पगार थांबला, मग फोन,
मग नाशिकच्या कचेरीतला तो खोकणारा साहेब,
जो प्रत्येक आकड्यानंतर म्हणायचा, "पुन्हा सांगा."

अमळनेरनं शनिवारी सरकार केलं,
मार्केट यार्डात, वजनकाट्याशेजारच्या शेडमध्ये;
मंत्र्यांची नावं पावतीबुकाच्या पाठीवर लिहिली.
चोपड्यानं मंगळवारी.
भुसावळ म्हणालं, रूळ आमचे तर वेळही आमची,
आणि घड्याळ वीस मिनिटं पुढे केलं.
धुळ्यात दोन झाली, एकाच रस्त्यावर,
दोघांच्या झेंड्यांचा शिंपी एक.
नंदुरबारनं कळवलंसुद्धा नाही.

मधोमध तापी, म्हणजे सरहद्द,
म्हणजे पुलाच्या तिसऱ्या खांबावरची माझी मोजपट्टी,
काळी-पांढरी, दर दिवाळीला मीच रंगवलेली.
ती कोणाच्या हद्दीत, हे ठरवायला
दोन्हीकडून माणसं दोऱ्या घेऊन आली.
दोन्ही दोऱ्यांना खांब आपलाच निघाला.

पुलावर केळीचे ट्रक. घडामागे इकडे दोन रुपये, तिकडे तीन,
आणि कोणती नोट चालेल
ते नंबर लागेपर्यंत बदलतं.
ड्रायव्हर खाली उतरतो, कठड्याला टेकतो,
"आज कोनं राज शे, भाऊ?"
मी म्हणतो, पाणी चार सेंटिमीटर उतरलंय.

कानबाईच्या रात्री दोन्ही काठांवर रोट भाजले गेले.
दोन्ही सरकारांचा हुकूम होता :
विसर्जन आपापल्या काठालाच करावे.
जशी काही कानबाई पोहून पलीकडे जाणार होती.

सव्वादोनला, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर जगवलेला
बिनतारी संच खरखरला.
"हतनूर बोलतेय. अठरा दरवाजे, पूर्ण."
हुरमत तडवी. तिला मी कधी पाहिलेलं नाही,
अकरा वर्षं नुसते आकडे ऐकतोय.
हतनूर आता भुसावळचं,
आणि भुसावळचं आमच्याशी, म्हणजे दोन्ही आमच्यांशी,
बोलणं बंद.
"कोणाच्या हुकमानं कळवताय, बाई?"
थोडा वेळ नुसती खरखर.
"भिंतीवर पाटी आहे ना. दरवाजे उघडले की खाली सांगणे.
लावणारा गेला. पाटी आहे."
मग, सवयीनं : "पुन्हा सांगू?"

सायकल आधी अमळनेरच्या अंगाला घातली, कारण तिकडे उतार.
मग पूल ओलांडून उत्तरेला.
चौकीवर बंदूक रोखून हिलाल,
सुकलाल नावाड्याचा नातू,
दोन उन्हाळ्यांपूर्वी माझा हात धरून पोहायला शिकलेला.
"कागद?"
"पाणी येतंय रे. बायांना घाटावर उतरू देऊ नका."
तो बंदूक टाकून पळाला,
मग परत आला आणि बंदूक घेऊन पळाला.

दुपारी बारा. एकशे एकोणपन्नास पूर्णांक साठ. वाढती.
घाट दिसत नाही. दोन्ही चौक्यांच्या खुर्च्या
एकाच भोवऱ्यात फिरताना पाहिल्या.
वर रस्त्यावर गौराबाई सैंदाणेनं
कानबाईचं विसर्जन घमेल्यात केलं,
आणि पाणी कमी पडलं म्हणून हापशाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी दोन पाकिटं.
अमळनेरचं : परकीय सत्तेशी संपर्क, तीन दिवसांत खुलासा करावा.
चोपड्याचं : तेच वाक्य,
'परकीय'मधली वेलांटी दोघांचीही ऱ्हस्व.
दोन्ही पावत्यांवर सही केली.

सकाळी आठ, भुसावळात आठ वीस.
एकशे पंचेचाळीस पूर्णांक दहा. उतरती.
पट्टीवर गाळ, हातानं पुसून आकडा वाचला.
चौथ्या रकान्यावर पेन बराच वेळ धरलं,
शाई सुकली होती, तळहातावर घासली,
आणि लिहिलं : हतनूर.
तिनं विचारलं नव्हतं.